हार्नेस शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा खोगिराखाली सारखा ‘पेस’ धरतो, कँटर देतच नाही: कुठून तपासायला लागायचं

लक्षण असं. घोडा स्टँडर्डब्रेड, म्हणजे हार्नेस शर्यतींसाठीच घडवलेल्या जातीचा; सुल्की (चालवणारा बसतो ती हलकी दोन चाकी गाडी) ओढून निवृत्त झालेला, दत्तक घेतलेला. साध्या चालीत गरीब गाय. टाच लावून दुडकी मागितली की दोन-चार पावलं बरी टाकतो, मग डाव्या बाजूचे दोन्ही पाय एकदम, उजव्या बाजूचे दोन्ही एकदम, असा डोलत सुटतो. हाच पेस. कँटर, म्हणजे दुडकीच्या वरची, गॅलपच्या खालची चाल, मागितला तर तसाच डोलतो, फक्त वेग दुप्पट. लगाम खेचला तर अजून जोर. मध्येच एखादा आठवडा सुधारल्यासारखा वाटतो आणि सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे न्यू जर्सीत हे रडगाणं चौदा महिने चाललंय. त्यातले पहिले पाच मी स्वतःच्या हाताने वाया घालवले, कारण मी थेट शिकवायला लागले, तपासायचं राहूनच गेलं. घोड्याचं नाव सोन्या. आमच्या तबेल्याची मालकीण त्याला सोनिया म्हणते आणि तो बाईचं नाव घेऊन खुशाल फिरतो, ते असो.

आधी चाल ओळखा

पहिला व्हिडिओ मी आबांना पाठवला. आम्ही शहादा तालुक्यातले. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार बघतच आबांचं आयुष्य गेलं. त्यांचा लगेच फोन: “अगं, तक्रार कसली करतेस? ही तर रवाळ. या चालीचे लोक वर पैसे मोजतात.” मी म्हटलं, आबा, मला तर बसून बसून कंबर सैल झाल्यासारखी वाटते. तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, “फोन खाली धर. टापा ऐकू दे.” ऐकल्यावर म्हणाले, “नाही. ही रवाळ नाही. दोनच ठोके पडतायत.”

फरक तिथेच आहे. मारवाडी-काठेवाडी घोड्याची रवाळ चार ठोक्यांची असते, प्रत्येक पाय वेगळा पडतो, स्वाराच्या हातातला पेला डुचमळत नाही म्हणतात. पेस दोन ठोक्यांचा. पण दुडकीचेही ठोके दोनच, त्यामुळे नुसत्या कानावर जाऊ नका. कुणाला तरी रिंगणाच्या टोकाला उभं करून समोरून व्हिडिओ घ्या. दुडकीत घोडा वरखाली होतो, पाय तिरके जोडीने पडतात. पेसमध्ये छाती होडीसारखी डावी-उजवीकडे झुलते. कँटरला तीन ठोके. मी पाच महिने ज्याला ‘वाईट दुडकी’ म्हणत होते तो निखळ पेस होता, आणि त्यावर दुडकीची औषधं चालू होती.

घोडा मुळात पेसर (पेसमध्ये शर्यत पळणारा) की ट्रॉटर (दुडकीत पळणारा), हे कागदावर सापडतं. मानेच्या उजव्या बाजूला, आयाळीखाली, गोठवून उमटवलेला शिक्का असतो, तिथले केस पांढरे उगवतात. अलीकडच्या घोड्यांत मायक्रोचिप. त्यावरून युनायटेड स्टेट्स ट्रॉटिंग असोसिएशनच्या नोंदीत घोडा मिळतो. त्याच्या सर्वोत्तम वेळेआधी ‘पी’ अक्षर असेल तर पेसर. सोन्यापुढे ‘पी’ आणि १:५३.२. हा दशांश नव्हे बरं का. उत्तर अमेरिकेत वेळ अजून सेकंदाच्या पंचमांशात लिहितात, म्हणजे एक मैल एक मिनिट त्रेपन्न आणि दोन-पंचमांश सेकंदांत.

हा आकडा बघून मी जरा गप्पच झाले. या जातीचं नावच एका ‘स्टँडर्ड’वरून पडलंय. १८७९ मध्ये ठरलं की मैलभर दुडकी २ मिनिटं ३० सेकंदांत पुरी करेल तो वंशावळीत घ्यायचा. २०२२ मध्ये इथून जवळच मेडोलँड्सच्या ट्रॅकवर बुलडॉग हॅनोव्हर नावाच्या पेसरने मैल १:४५.४ मध्ये मारला. दीडशे वर्षं माणसांनी निवडून निवडून जी चाल वाढवली, तिला मी रोज संध्याकाळी साडेसहाला ‘चूक’ म्हणत होते.

त्याच्या अंगातच किती आहे आणि शिकवलेलं किती

२०१२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी घोड्यातलं डीएमआरटी३ हे जनुक दाखवून दिलं. पाठीच्या कण्यातल्या ज्या चेतापेशी पायांचा ताल जुळवतात, त्यांच्याशी त्याचा संबंध. त्यातला एक बदल झालेला घोडा बाजूच्या पायांची जोडी सहज चालवू शकतो आणि वेग वाढला तरी दुडकी किंवा पेस सोडून कँटरमध्ये पडायची त्याची ओढ कमी असते. हा बदल स्टँडर्डब्रेडमध्ये जवळपास सगळ्यांत सापडतो, पेसरमध्येही आणि ट्रॉटरमध्येही. म्हणून “मी ट्रॉटर घेतलाय, मला हा त्रास नाही” असं म्हणणाऱ्यांनी फार खूश होऊ नये. कँटरची अडचण त्यांनाही येते.

पण त्याला कँटर येतच नाही, असं नाही. कुरणात सोडा आणि बघा. आमचा सोन्या दाण्याची बादली वाजली की टेकडीवरून असा सुरेख कँटर करत येतो की रडू यावं.

मग खोगिराखाली का नाही? कारण त्याला शिकवलेलं तसं आहे. हार्नेस शर्यतीत घोडा उधळून कँटर-गॅलपमध्ये गेला की त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. चालवणाऱ्याने वाट मोकळी असेल तर त्याला बाजूला काढून लगेच मूळ चालीत आणायचं, त्यात जागा कमावली तर निकालात खालचा क्रमांक. पेसरला बहुधा हॉपल घालतात, म्हणजे एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय जोडणारे पट्टे. डोकं खाली जाऊ नये म्हणून ओव्हरचेकचा पट्टा वरून. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून त्या जिवाला एकच पाठ मिळालाय: कँटरची एक ढांग पडली की तोंडात झटका. तुम्ही टाच मारून तीच ढांग मागताय.

शिकवण्याआधी या गोष्टी

दुखणं. घोड्यांच्या डॉक्टरकडून मागचे गुडघे-ढोपरं, सस्पेन्सरी लिगामेंट (पायामागचा आधार देणारा अस्थिबंध), पाठ आणि दात बघून घ्या. दुखत असलेला घोडा ज्या चालीत त्याला कमी त्रास, तीच धरणार. पेस अचानक वाढला किंवा एकाच बाजूच्या वळणावर येत असेल तर शिकवणं बंद, डॉक्टर आधी. आमच्याकडे उजव्या मागच्या ढोपरात जुनं दुखणं निघालं. उपचार आणि सहा आठवडे हलकं काम, इतकंच. पण ते न करता मी पाच महिने टाच मारत होते, हे लिहिताना अजून लाज वाटते.

खोगीर. यांची पाठ लांब, खांदा रुंद, आणि बऱ्याच जणांचा मागचा भाग पुढच्यापेक्षा जरा उंच. थरोब्रेडला (स्वार बसवून पळवायच्या शर्यतीच्या जातीला) बसलेलं खोगीर यांच्या खांद्यात रुततं. खोगीर रुतलं की घोडा पाठ खाली टाकतो आणि डोकं वर काढतो. पाठ खाली आणि डोकं वर हाच पेसचा आकार. माझ्या जुन्या खोगिराखाली घामाचा डाग बघितला तर दोन्ही खांद्यांमागे तळहाताएवढी जागा कोरडी. तिथे दाब इतका की घामच फुटत नव्हता. रुंद खोगीर आणलं, त्या आठवड्यात पेस निम्म्यावर आला. एवढा एकच बदल केला होता म्हणून श्रेय नक्की कुणाचं ते मला सांगता येतं. तुम्हीही एका वेळी एकच बदल करा.

नाल. निवृत्तीनंतरही काही जण शर्यतीचेच नाल ठेवतात. नालबंदाला सांगा की आता हा स्वारीचा घोडा आहे, खुराचं टोक आखूड पाहिजे.

लगाम: इथे खरी गोम आहे

हे सगळं नीट करूनही पेस येत असेल, आणि येणारच, तर आपल्या हातांकडे बघा.

आपण काय शिकलो? लगाम मागे, घोडा हळू. सुल्कीतला घोडा काय शिकला? चालवणारा मागे लांब बसलेला, दोन लांब दोऱ्या हातात, घोडा त्या दोऱ्यांवर भार टाकून पळतो. तोंडात ताण आला म्हणजे “धर, आता निघायचंय”. ताण सुटला म्हणजे काम संपलं. तुम्ही घाबरून खेचता, तो आज्ञाधारकपणे जोर लावतो, तुम्ही अजून घाबरता. दोघंही प्रामाणिक, आणि दोघं मिळून कुंपणाकडे चाललेले.

करायचं काय, तर दोन्ही लगाम एकदम खेचायचे नाहीत. एकच लगाम बाजूला उघडून मोठं वळण घ्यायचं, वेग उतरला की त्या क्षणी हात सैल. मुठी मिटून उघडायच्या, धरून ठेवायच्या नाहीत. ‘व्होआ’ हा शब्द हळू होण्यासाठी वापरू नका. शर्यतीच्या तबेल्यात त्याचा अर्थ चारही पाय जागेवर, असाच असतो. हळू होण्यासाठी वेगळा शब्द ठेवा. मी ‘हळूऽऽ’ म्हणते. मराठीत बोललेलं तबेल्यात दुसरं कुणी वापरत नाही, हा एक फायदा. दुसऱ्याच्या हाकेवर तो फसत नाही.

पायाचा इशारा त्याला माहीतच नसतो. आयुष्यात कुणी त्याच्या बरगडीला पाय लावलेला नाही, लागला तर सुल्कीचा दांडा. पण आवाज आणि लांब लगाम त्याच्या हाडीमाशी आहेत. म्हणून वर बसण्याआधी पंधरा दिवस खोगीर घालून, मागून चालत, लांब लगामांवर काम करा. आवाज द्या, तो कळला की त्याच्या जोडीला पाय. हा भाग इतका लवकर जमतो की थरोब्रेडवाले हेवा करतात.

आता दिशा. ही गोष्ट मला एका जुन्या हार्नेसवाल्या म्हाताऱ्याने सांगितली आणि माझं अर्धं कोडं सुटलं. इथल्या ट्रॅकवर घोड्याला रोजची निवांत रपेट घड्याळाच्या दिशेने देतात. जोरात पळवायचं, शर्यत लावायची, तर वळवून घड्याळाच्या उलट. म्हणजे उजवीकडे वळत गेलं तर सकाळचा फेरफटका. डावीकडे तोंड फिरवलं की धंद्याची वेळ. मी रिंगणात सुरुवात नेहमी डावीकडून करायचे, कारण मला शिकवणाऱ्या बाईंची तशी सवय. सोन्या बिचारा रोज शर्यतीला तयार व्हायचा. आता पहिली वीस मिनिटं उजवीकडूनच, आणि डावीकडे वळताना सरळ फेरी न घेता इंग्रजी आठच्या आकारात.

जाता जाता: शर्यतीची सुरुवात करून देणारी गाडी, जिच्या मागे पंखांसारखे दोन फाटक उघडलेले असतात आणि घोडे त्यांच्यामागे रेषेत पळत येतात, तीही यांच्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे रिंगण सारखं करायला ट्रॅक्टर येतो, मागे रुंद दाताळं. सोन्या कुंपणापाशी चरत होता. ट्रॅक्टर निघाला तसा मान वर करून, कुंपणाच्या आतून, नाक बरोबर दाताळ्याच्या रेषेत ठेवून चालू लागला. ट्रॅक्टरचा वेग वाढला, याचा वाढला. शेवटी चालवणाऱ्यानेच हसत इंजिन बंद केलं. तुमच्या वाटेवर पिकअपच्या मागे जुंपलेल्या गाड्या जात असतील तर आधी पायी फिरवून दाखवा.

दांडे, चढ आणि मग कँटर

पेस मोडायला जमिनीवरचे दांडे उत्तम. चार दांडे, एकमेकांपासून साधारण ४ ते साडेचार फुटांवर. आधी हातात धरून, मग लांब दोरीवर, मग वर बसून. दांड्यांवरून जाताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलणं अडचणीचं होतं, घोड्याला खाली बघावं लागतं, पाठ वर येते, आणि दुडकी आपसूक सापडते. सुरुवातीला दांडे संपले की तिसऱ्या पावलाला पेस परत. तिसऱ्या पावलाच्या आधी साध्या चालीवर आणा, शाबासकी द्या, पुन्हा फिरा. पावलं मोजा. मी वहीत लिहायचे: ३, ३, ४, ३, ६. महिन्याने १५ आली तेव्हा आबांना फोन केला. जरा खोल, मऊ वाळू आणि हलका चढ हेही मदतीला येतात. कडक सपाट जमिनीवर पेसच सोपा.

दुडकी रिंगणाची एक पूर्ण लांबी टिकत नाही तोवर कँटर मागू नका. आणि जोरात पळवून पळवून कँटर काढायचा प्रयत्न तर नकोच. हा घोडा मैलाला दोन मिनिटांच्या आत पेस करतो, तुम्ही त्याला वेगाने हरवणार नाही. कँटर संथ दुडकीतून किंवा थेट साध्या चालीतून मागा.

पहिल्यांदा गोल रिंगणात, पाठीवर कुणी नसताना, एका शब्दावर. मी ‘हुर्र’ ठेवलाय. तो कँटरमध्ये पडला की शब्द, शब्द पडला की दोन ढांगांत सुट्टी. हे पक्कं झालं की वर बसून, चढावर, घराच्या दिशेने जाताना नव्हे. खोगिरावरून जरा उठा, त्याची पाठ मोकळी करा.

आणि मग तो क्षण येतो, जिथे बहुतेकांचं काम बिघडतं. माझं बिघडलं. सप्टेंबरातली संध्याकाळ, मागच्या कुरणाचा चढ, मी ‘हुर्र’ म्हटलं आणि सोन्याने पुढचा भाग उचलला. एक ढांग. त्या झोक्याची मला सवय नव्हती, तोल मागे गेला आणि हात लगामावर लटकले. अगदी अर्धा सेकंद. त्याने कान मागे टाकले, मान ताठ केली आणि खटकन पेसमध्ये. त्याच्या लेखी मी शर्यतीतल्यासारखी शिक्षाच केली होती, जी त्याला नऊ वर्षं मिळत होती. त्यानंतर तीन आठवडे त्याने चढावर कँटरचं नाव घेतलं नाही.

उपाय अगदी साधा. मानेत एक पट्टा घाला, रिकिबीचा जुना चामडी पट्टाही चालतो. कँटर मागण्याआधी एका हाताने तो किंवा आयाळ घट्ट धरा. लगाम एवढा लांब सोडा की तोल गेला तरी तोंडाला लागता कामा नये. वेग जास्त वाटला तर चढ संपतोच, तो आपला ब्रेक. लगामाचा झटका मिळत नाही हे त्याला वीस-पंचवीसदा कळावं लागतं. माझ्या वहीत पहिली सहा ढांगांची नोंद अठराव्या प्रयत्नाला आहे.

काही लोक सांगतील, डोकं खाली बांधून ठेवणारा लगाम लावा, पायात जड बूट घाला, चाबूक दाखवा. बांधून ठेवण्यातूनच तो इथवर आलाय. मी एकदा दुसऱ्याचा बांधणारा लगाम लावून बघितला. डोकं खाली आलं, पाठ वर आली नाही, पेस तसाच.

दत्तक देणाऱ्या संस्थेला पहिल्या महिन्यातच कळवा. बहुतेक करारांत घोडा पुन्हा शर्यतीत घालायचा नाही, विकायचा नाही, जमलं नाही तर परत आणायचा, अशी कलमं असतात. म्हणून “जमत नाही” सांगायला संकोच नको. मी ज्यांच्याकडून घेतला त्यांनी ढोपराच्या दुखण्याबद्दल सांगितलं नव्हतं. विचारल्यावर सांगितलं. तेव्हा विचारा, आणि लेखी विचारा.

काही पेसर शेवटपर्यंत खोगिराखाली नीट कँटर देत नाहीत. तुम्हाला रानवाटेवर फिरायचंच असेल तर पेस अगदी संथ करत नेऊन बघा. काहींच्यात तो तुटून चार ठोक्यांवर येतो आणि मग खरंच रवाळीसारखं बसायला मिळतं. आबांचं मत असं की मी सुरुवातच इथून करायला हवी होती. आबांना उड्या मारायच्या नाहीत, मला मारायच्या आहेत.

आजची स्थिती: उजवीकडे रिंगणाची पूर्ण फेरी कँटर, दुडकी दोन्हीकडे. डावीकडे कँटर चार-पाच ढांगांचाच, फाटकासमोरच्या कोपऱ्यात हमखास पेस. ढोपर परवाच तपासलं, ठीक आहे. गुरुवारी नालबंद येतोय, पुढचे नाल काढून महिनाभर तसाच ठेवून बघणार. वहीत नवं पान काढलंय, वर फक्त ‘डावी’ लिहिलंय.